वारा दोन्ही वेळा समोरूनच का येतो?

हौशी सायकलस्वारांनी प्रश्न पाठवावेत, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांचे आपोआप दोन ढीग झाले. एक सायकल चालवणाऱ्यांचा, दुसरा त्यांच्याबरोबर एका घरात राहणाऱ्यांचा. दुसऱ्या ढिगातले प्रश्न जास्त धारदार आहेत, म्हणून सुरुवात तिथून.

आमचे हे दर रविवारी पहाटे साडेचारला उठतात. पाऊण तास खुडबुड चालते, पंपाचा फुसफुस आवाज येतो, मग साडेपाचला स्वारी बाहेर. नऊ-दहाला परत येतात ते मिसळ खाऊनच. हा व्यायाम आहे की मिसळ खायला जायचा लांबचा रस्ता? — एक गृहिणी, चिंचवड

दोन्ही आहे, आणि त्यात विसंगती काही नाही. आधी पहाटेचं बघू. साडेपाचला रस्त्यावर मालमोटारी कमी असतात, ऊन नसतं आणि वाराही पडलेला असतो. नऊनंतर हे तिन्ही मुद्दे उलटतात. तेव्हा उठण्याच्या वेळेबद्दल त्यांना क्षमा करावी.

खुडबुडीलाही कारण आहे. रोड सायकलचा टायर जेमतेम अडीच सेंटिमीटर रुंद असतो आणि त्यात मोटारीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट दाबानं हवा भरलेली असते. आतली रबरी ट्यूब पंक्चर नसली तरी ही हवा कणाकणानं बाहेर झिरपू देते. हवा मुळातच थोडी, त्यामुळे आठवडाभरात फरक पडतो. कमी हवेनं निघालं की पहिल्याच खड्ड्यात ट्यूब चिमटलीच म्हणून समजा. म्हणजे तो फुसफुस आवाज वाचवलेल्या पंक्चरचा आहे. बाकी वेळ बाटल्या भरणं, मागचा लाल दिवा पेटतो का बघणं, ब्रेक दाबून बघणं आणि एक मोजा शोधणं यात जातो. मोजा आदल्या रात्री शोधून ठेवता येतो, एवढं मात्र त्यांना जरूर सांगा.

आता मिसळ. पन्नास किलोमीटर बऱ्या वेगानं चालवली तर साधारण हजारभर कॅलरी खर्च होतात. तर्रीवाली मिसळ, दोन पाव, ‘अजून एक जोडी आण रे’ म्हणून मागवलेले दोन पाव आणि वर चहा, यांत त्यातला बराच भाग परत येतो. तेव्हा वजनाच्या काट्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. पण साडेचारला उठणारा माणूस शनिवारी रात्री दहाला झोपतो, हा फायदा कॅलरीत मोजता येत नाही.

एकाच रविवारी तीन पंक्चर झाली. पहिलं काढलं, चार किलोमीटरवर दुसरं, मग नवी ट्यूब घातली तर तीही गेली. मित्र म्हणतात साडेसाती आहे. काय उपाय करावा? — एक अभियंता, हडपसर

शनीला यात ओढू नका. तिन्ही पंक्चर एकाच काट्यानं केलेली आहेत आणि तो काटा अजून तुमच्या टायरमध्येच बसलेला आहे.

महामार्गाच्या कडेला पंक्चरचं सगळ्यात मोठं कारण खिळा नव्हे, काचही नव्हे. मालमोटारींचे टायर फुटतात, त्यांच्या आत पोलादी तारांचं जाळं असतं, आणि त्या तारांचे केसाएवढे तुकडे रस्त्यावर विखुरतात. वाहनांची चाकं आणि वारा ते सगळं कडेला लोटतात. आणि आपण चालवतो नेमके कडेनं. असा तुकडा टायरमध्ये शिरला की बाहेरून दिसत नाही. आत मात्र त्याचं टोक मिलिमीटरभर डोकावत राहतं. तुम्ही ट्यूबला ठिगळ लावता, हवा भरता, ट्यूब फुगून त्या टोकावर टेकते, आणि चार किलोमीटरवर पुन्हा खाली बसता.

म्हणून पंक्चर काढायचं ते पोलिसी तपासासारखं. ट्यूब बाहेर काढायच्या आधी टायरवरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर आहे का बघा. जुने सायकलवाले टायर बसवतानाच नाव व्हॉल्व्हसमोर येईल असा बसवतात. अनेकांना ती दिखाऊ सवय वाटते, पण तिचा उपयोग इथे होतो: ट्यूबमध्ये हवा भरून भोक सापडलं की व्हॉल्व्हपासून तेवढंच अंतर टायरवर मोजायचं, दोन्ही बाजूंना, आणि गुन्हेगार तिथेच असतो. टायर आतून बोटानं चाचपायचा, पण सावकाश, नाहीतर ती तार बोटात शिरते. कापसाचा बोळा फिरवला तर आणखी चांगलं, तार असेल तिथे तंतू अडकतात. तार चिमट्यानं किंवा नखकटरनं ओढून काढायची. हे झाल्याशिवाय नवी ट्यूब घालणं म्हणजे आणखी एक ट्यूब वाया घालवणं.

भोक कुठे आहे यावरून कारण कळतं, आणि मला तरी पंक्चर काढण्यातला एवढाच भाग आनंदाचा वाटतो. रस्त्याच्या बाजूला एकच बारीक छिद्र असेल तर तार, काच किंवा बाभळीचा काटा. शेजारी शेजारी दोन छिद्रं, सर्पदंशासारखी, असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटली. छिद्र आतल्या बाजूला, आऱ्यांकडे असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे आणि ट्यूब आऱ्यांच्या भोकात घुसते आहे. अशा वेळी टायरमध्ये शोधत बसलात तर जन्मभर काही सापडणार नाही. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर पंप मारताना तुम्हीच तो वेडावाकडा ओढला आहे.

गावच्या पंक्चरवाल्याचा भरवसा धरून निघू नका. त्याचं कसब निर्विवाद, पण रोड सायकलच्या ट्यूबला बहुतेक वेळा बारीक, पितळी टोकाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्याला बसत नाही. एक पितळी ॲडाप्टर सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा. आणि दाबाचा आकडा तुम्हीच सांगा, नाहीतर तो मोटारसायकलच्या अंदाजानं हवा भरून मोकळा होतो.

एवढं करूनही वैताग आला तर इतिहास आठवा. हवा भरलेला टायर १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप या पशुवैद्यानं मुलाच्या तीनचाकीसाठी बनवला, पण सुरुवातीचे टायर चाकाला चिकटवलेले असत. पंक्चर काढायचं तर ते खरवडून सोडवायचे, पुन्हा चिकटवायचे आणि वाळेपर्यंत थांबायचं. मिशेलिन बंधूंनी सुटा होणारा टायर काढला आणि १८९१ साली पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी बाराशे किलोमीटरची पहिली शर्यत शार्ल तेरों यानं त्याच टायरवर ७१ तासांत जिंकली. दहा मिनिटांत ट्यूब बदलण्याची तुमची सोय तिथून सुरू होते.

जाताना वारा समोरून. येताना दिशा बदलली, तरी वारा समोरून. हा भास आहे का? — एक प्राध्यापक, सासवड

प्रश्न उत्तम आहे. काही अंशी भास आहे, पण बराचसा खरा आहे.

धरा, वारा अजिबात नाही आणि तुम्ही ताशी २५ किलोमीटरनं जाता आहात. तोंडावर २५ चा वारा लागतोच, तो तुम्हीच निर्माण केलेला. आता मागून १५ चा वारा सुटला. तरीही तोंडावर १० चा समोरचा वारा उरतो. म्हणजे तुमच्या वेगापेक्षा जास्त वेगानं वाहिल्याशिवाय मागचा वारा तुम्हाला मागून येतो आहे असं जाणवतच नाही. फक्त ‘आज पाय चांगले चालतायत’ असं वाटतं, आणि त्याचं श्रेय आपण सरावाला देतो. वारा अगदी काटकोनात आडवा असला तरी तुमचा वेग आणि त्याचा वेग मिळून तो तिरका, समोरून आल्यासारखाच लागतो, आणि थोडा रोखतोही. एकूण दिशांचा हिशेब मांडला तर वाऱ्याचा जाच होईल अशा दिशा मदत होईल अशा दिशांपेक्षा जास्त निघतात. तक्रार योग्य आहे.

दुसरा भाग वेळेचा. तीस किलोमीटर जायचं आणि तीस यायचं. समोरच्या वाऱ्यात वेग २० वर आला, मागच्या वाऱ्यात ३० वर गेला. बरोबरी झाली असं वाटतं. पण जाताना दीड तास लागला आणि येताना एक तास. अडीच तासांतला दीड तास वारा समोरून होता, आणि स्मरणात तोच राहतो. सरासरीही २५ नाही, २४ येते.

तिसरं कारण आपल्या भागाचं. पुणे परिसरात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दिवसाचा वारा मुख्यतः पश्चिमेचा असतो, आणि तो सकाळी उशिरापासून जोर धरतो. आता बहुतेक गट काय करतात? सपाट रस्ता म्हणून सोलापूर रस्त्यानं उरुळी, यवतकडे, म्हणजे पूर्वेला निघतात. पहाटे हवा स्तब्ध, सगळे खुशीत. परत फिरतात नऊ-दहाला, पश्चिमेकडे तोंड करून, नेमका वारा उठतो तेव्हा. उपाय एकच: शक्य तेव्हा आधी पश्चिमेला जा, मुळशीकडे किंवा लोणावळ्याकडे, आणि थकल्यावर वारा पाठीवर घेऊन या.

आणि सोबत कोणी असेल तर त्याच्या मागे लागा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, त्याला पुरवायची ताकद घनानं. म्हणजे २० वरून ३० वर जायचं तर हवा कापायलाच तिपटीहून जास्त ताकद लागते. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की त्यातला चौथा-तिसरा हिस्सा वाचतो. पुढे कोणी किती वेळ राहायचं यावरून मैत्र्या तुटल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा पाळी आधीच ठरवा.

नवीन क्लीटवाले बूट घेतले. नळ स्टॉपच्या सिग्नलला सायकल उभी राहिली आणि मी तसाच, बुटासकट, आडवा झालो. दोनशे लोकांनी पाहिलं. असं का होतं? — एक विद्यार्थी, पुणे

दोनशे हा आकडा पडलेल्या माणसाचा आहे, खरा आकडा वीसच्या आत असणार. हे सगळ्यांचं होतं.

चालती सायकल पडत नाही कारण ती जिकडे कलते तिकडे पुढचं चाक किंचित वळतं आणि चाकं पुन्हा वजनाखाली येतात. फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे ती उभी राहते, असं शाळेत सांगत. ते अपुरं आहे. २०११ साली नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मुद्दाम तो गुण काढून टाकलेली एक विचित्र सायकल बनवली, आणि तीही ढकलून दिल्यावर कोणी न बसता सरळ चालत राहिली. वजन कुठे आहे आणि पुढचं चाक कसं वळतं याचाही मोठा वाटा निघाला. यातून तुमच्यासाठी निष्कर्ष असा की हे सगळं वेग असेपर्यंतच चालतं. वेग शून्य झाला की हँडल कितीही हलवा, चाकं वजनाखाली येत नाहीत. मग उरतो पाय, आणि तो तुम्ही पेडलला कुलूप लावून ठेवलेला.

हे कुलूप बर्फावर घसरायच्या स्कीच्या खटक्यावरून आलं. लुक या फ्रेंच कंपनीनं १९८४ मध्ये बाजारात आणलं आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनो ते वापरून टूर द फ्रान्स जिंकला. त्याआधी चामड्याचे पट्टे असत, ते हातानं सैल करावे लागत. तेव्हा ही प्रगतीच आहे. फक्त घाबरलेला माणूस पाय वर किंवा मागे खेचतो, आणि हा खटका टाच बाहेर फिरवल्यावरच सुटतो.

घरी भिंतीला धरून, दोन्ही पाय पन्नास वेळा घाला-काढा. पेडलवरचा ताणाचा स्क्रू अगदी सैल ठेवा. सिग्नल दिसल्याबरोबर, थांबायच्या आधी, डावा पाय सोडवा आणि वजन डावीकडे घ्या, म्हणजे पडलातच तर पदपथाकडे पडाल, बसच्या बाजूला नाही. पडताना हात ताठ पुढे करू नका. मनगट आणि गळ्याचं हाड असंच मोडतं.

पहाटे ठरावीक वळणावर चार कुत्री मागे लागतात. वेग वाढवला की तीही वाढवतात. — एक वाचक, इचलकरंजी

वाढवणारच. पळणारी गोष्ट दिसली की पाठलाग करायचा, ही त्यांची उपजत वृत्ती आहे, आणि ते वळण त्यांच्या हद्दीत येतं. चढावर तुम्ही त्यांना हरवू शकत नाही. उतारावर हरवाल, पण मागे बघत उतार उतरणं हे कुत्र्यापेक्षा धोक्याचं. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा, दरडावणीच्या आवाजात बोला आणि चालत हद्द ओलांडा. दहापैकी नऊ वेळा पाठलाग तिथेच संपतो, कारण पळणारं काही उरलेलं नसतं. बाटलीतल्या पाण्याची पिचकारीही चालते. दगड मारू नका. उद्या त्याच वळणावरून जायचं आहे.

चावलंच तर मिसळ, फोटो, घरी फोन, सगळं नंतर. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीचा पहिला डोस घ्या. हळद, तिखट, चुना काहीही भरू नका. जखम किती लहान आहे यावर काही अवलंबून नाही.

ताम्हिणीहून परतताना पौडच्या अलीकडे अचानक पाय संपले. डोळ्यांपुढे अंधारी आली, चिडचिड झाली, आणि खरं सांगायचं तर रडू आलं. हृदयाचं काही असेल का? — एक सनदी लेखापाल, कोथरूड

छातीत दुखलं, धाप बसलीच नाही, असं काही असेल तर आधी डॉक्टरांकडे जा आणि मग पुढचं वाचा. नसेल तर तुमची साखर संपली होती.

स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साठवलेली साखर चारशे-पाचशे ग्रॅम असते, म्हणजे सुमारे दोन हजार कॅलरी. जोरात चालवलं तर हा साठा दोनेक तासांत तळाला जातो. चरबी भरपूर शिल्लक असते, आपल्यापैकी काहींकडे जरा जास्तच, पण तिच्यापासून ऊर्जा सावकाश मिळते. चढावरची मागणी तिला पुरवता येत नाही. मेंदू मुख्यतः साखरेवर चालतो, म्हणून रडू. पाय थकायच्या आधी माणूस उगाच भांडायला लागला, की सोबत्यांनी ओळखावं आणि त्याला काही न बोलता केळं द्यावं.

भूक लागल्यावर खाणं म्हणजे उशीर झालेला असणं. पहिल्या पाऊण तासानंतर थोडं थोडं खात राहा, तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटात जाईल इतकं. एका केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतं. राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे हे सगळं खिशात मावतं. परदेशी जेलच्या एका पाकिटाच्या पैशांत लाडवांचा अख्खा पुडा येतो आणि काम तेच होतं, हे माझं ठाम मत आहे. उन्हाळ्यात रसवंती दिसली की थांबा: उसाचा रस, लिंबू आणि मीठ यापेक्षा चांगलं पेय अजून कोणी पाकिटात भरलेलं नाही. आणि तासन्‌तास नुसतं पाणी ढोसू नका. घामातून मीठ जातं, आणि ते न भरता पाणीच पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. तो प्रकार तहानेपेक्षा घातक आहे.

चेनला खोबरेल तेल चालेल का? घरात भरपूर आहे. — एक वाचक, मालवण

नाही. ते धूळ धरतं, चिकट होतं, आणि २४ अंशांच्या खाली थिजतं. मालवणात एकवेळ चालून जाईल, महाबळेश्वरात चेन गोठेल. चेन फडक्यानं कोरडी पुसा, चेनचंच वंगण प्रत्येक कडीवर थेंबभर सोडा, आणि मग बाहेरचं सगळं पुसून टाका. काम आतल्या थेंबाचं असतं, बाहेर दिसणारं तेल फक्त माती गोळा करतं.

तुमचं खोबरेल मात्र दुसरीकडे वापरा. उजव्या पोटरीवर चेनचा काळा शिक्का बसतो ना, त्यावर आधी तेल चोळा, मग साबण. नुसत्या साबणानं आठवडा जातो. हा शिक्का नेहमी उजवीकडेच असतो, कारण चेन उजवीकडेच असते. जुन्या मंडळींच्या पायावर तो दिसत नाही, यावरून नवखा ओळखतात.

चेन किती झिजली हे बघायला शाळेतली फूटपट्टी पुरते. नव्या चेनच्या एका खिळ्यापासून मोजलं की बारा इंचांवर बरोबर दुसरा खिळा येतो. तो सोळांश इंच पुढे सरकला असेल तर चेन बदला. अष्टमांश इंच सरकेपर्यंत थांबलात तर दातेरी चक्रंही गेली, आणि बिल कित्येक पटींनी वाढलं.

माझा भाऊ रात्रभर सायकल चालवतो, त्याला बीआरएम म्हणतात म्हणे. परत येतो तेव्हा ना पदक ना क्रमांक, एक शिक्के मारलेलं कार्ड असतं. ही काय भानगड? — एक शिक्षिका, नागपूर

ही शर्यत नाही. पॅरिसच्या एका जुन्या क्लबच्या, ऑडॅक्स क्लब पॅरिसियनच्या, नियमांनी जगभर चालणारा उपक्रम आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. फार कमी वेळात गेलात तरी शिक्का मिळत नाही, वाटेतले शिक्क्याचे नाके वेळेच्या आधी उघडतच नाहीत. मागे मदतीची गाडी ठेवता येत नाही. पंक्चर, भूक, झोप, रस्ता चुकणं, सगळं आपलं आपण निस्तरायचं. जिथे शिक्का मारायला कोणी नसतं तिथे आपल्याकडे एटीएमची पावती पुरावा म्हणून चालते, म्हणून पहाटे तीनला शिल्लक बघणारे लोक तुमच्या भावासारखे असतात. काही जण त्याच एटीएमच्या थंडाव्यात वीस मिनिटं झोपूनही घेतात. वर्षात हे चारही टप्पे केले की ‘सुपर रॅन्डोनर’ म्हणवून घेता येतं. दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जायची पात्रताही यातूनच मिळते. तेरोंनी जिंकलेली तीच वाट, आता बाराशे किलोमीटरला ९० तास आणि क्रमांक कोणालाच नाही.

तुमचं नागपूर या बाबतीत मागे नाही. अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत २०१७ साली नागपूरच्याच डॉ. अमित समर्थ यांनी एकट्यानं पूर्ण केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती जोडीनं केली होती. भावाला पदक हवं असेल तर ते पैसे भरून मागवता येतं. कार्ड मात्र जपून ठेवा, ते हरवलं तर सगळं पाण्यात.

मी मोटार चालवतो. हे सायकलवाले रस्त्याच्या अगदी कडेनं का जात नाहीत? — एक व्यावसायिक, ठाणे

कारण कडेला काय असतं ते मोटारीच्या आसनावरून दिसत नाही. वर सांगितलेल्या पोलादी तारा, बाटल्यांची काच, वाळू, उलट दिशेनं येणाऱ्या दुचाकी, आणि गटाराच्या जाळ्या, ज्यांच्या सळया कित्येक ठिकाणी रस्त्याला समांतर बसवलेल्या असतात. अडीच सेंटिमीटरचं चाक त्यांच्या फटीत बरोबर बसतं. पावसाळ्यात यात झेब्राचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि पाण्याखालचे खड्डे जोडा. कडेपासून हातभर अंतर ठेवणारा सायकलवाला तुमची वाट अडवत नाही, तो खड्ड्यापासून वाचायला थोडी जागा ठेवतो. ती नसेल तर खड्डा दिसल्यावर तो तुमच्याच पुढ्यात येईल.

याहून मोठी भीती उभ्या मोटारींची असते. डावीकडे लावलेल्या गाडीचं चालकाच्या बाजूचं दार रस्त्याकडे उघडतं, नेमकं सायकलच्या वाटेत. पंचवीसच्या वेगात असताना दार तीन मीटरवर उघडलं तर ब्रेकपर्यंत बोट पोचायच्या आत सायकलवाला दारावर आदळलेला असतो.

तुमच्याकडे मागणी थोडकीच आहे. ओलांडताना दीड मीटर सोडा. अगदी पाठीशी येऊन हॉर्न वाजवू नका, दचकून हँडल हलतं. घाटाच्या उतारावर सायकलही पन्नासच्या वेगानं येते, तेव्हा पुढे घालून लगेच ब्रेक मारू नका. आणि गाडीतून उतरताना दार उजव्या हातानं न उघडता डाव्या हातानं उघडा. अंग आपोआप वळतं, नजर मागे जाते आणि येणारी सायकल दिसते. मागच्या सीटवरच्या मुलांनाही हेच शिकवा: दार नेहमी दारापासून लांबच्या हातानं उघडायचं.